कापड रंगवणाऱ्या लहान कारखान्याचे सांडपाणी: परवडणारा उपाय कोणता?

रंगशाळा
नमस्कार. आमचा सुती ओढण्या आणि साड्या रंगवण्याचा लहान व्यवसाय आहे. सध्या तो भाड्याच्या शेडमध्ये चालतो. येत्या वर्षात पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या पुढे स्वतःच्या जागेत नेण्याचा विचार आहे. रोज सरासरी १५ किलो कापड रंगवले जाते. रंगाच्या टबात साधारण ३०० लिटर पाणी लागते आणि नंतरच्या सगळ्या धुण्यांना मिळून सुमारे १५०० लिटर. नव्या जागेत सांडपाण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून नीट असावी, अशी घरच्या सर्वांची इच्छा आहे. परंतु एका सल्लागाराने जी योजना दिली, तिची किंमत आमच्या सर्व यंत्रसामग्रीच्या किमतीपेक्षा जास्त आहे. तुरटी, निवळणीची टाकी आणि वाळूची गाळणी एवढ्यावर आमच्यासारख्यांचे काम भागू शकेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेठकर
कोणत्या जातीचे रंग वापरता ते आधी सांगा. त्यावाचून उत्तर देता येणार नाही.

निवळी
पेठकर यांच्याशी सहमत आहे. तुरटीने पाणी निवळते हे घरोघरी ठाऊक असल्यामुळे ती सगळ्या रंगांवर चालेल असे वाटते, पण तसे होत नाही. पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग आणि सुताचे व्हॅट किंवा सल्फर रंग पाण्यात बारीक कणांच्या रूपात असतात किंवा हवा लागताच कण होतात. त्यामुळे ते तुरटीने चांगले खाली बसतात. सुतावरचे रिॲक्टिव्ह रंग आणि रेशमावरचे ॲसिड रंग मात्र पाण्यात पूर्ण विरघळलेले असतात आणि तुरटीला सहसा दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी हिराकस (फेरस सल्फेट) आणि चुना ही जोडी अधिक उपयोगी पडते, कारण अल्कधर्मी पाण्यात हिराकशीतले लोह रंगाच्या रेणूवर क्रियाही करते आणि पुढे त्याचाच फुलोऱ्यासारखा गाळ होऊन रंग सोबत घेऊन बसतो.

कोणालाही पैसे देण्यापूर्वी घरी एक चाचणी करा. १० ग्रॅम हिराकस १ लिटर पाण्यात विरघळवा; या द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये १०० मिलीग्रॅम हिराकस असते. एक-एक लिटर सांडपाण्याच्या सहा पारदर्शक बरण्या ओळीने ठेवून त्यांत १० पासून ६० मिलिलिटरपर्यंत चढत्या क्रमाने द्रावण घाला, प्रत्येकीत चुन्याचे पाणी घालून सामू (pH) ९ ते १० च्या दरम्यान आणा, मिनिटभर जोरात आणि नंतर पंधरा मिनिटे अगदी हळू ढवळा, आणि अर्धा तास स्थिर ठेवा. ज्या बरणीपासून पुढे रंगात फरक पडत नाही, ती आपली मात्रा. टबातले पाणी आणि धुण्याचे पाणी यांच्या चाचण्या वेगवेगळ्या करा, हे विसरू नका.

रंगशाळा
धन्यवाद. आमचे जवळजवळ सर्व रंग रिॲक्टिव्ह आहेत. गडद शेडसाठी (रंगछटेसाठी) दर लिटरला ६० ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम सोडा ॲश घालतो.

हिशेबी
तर मग हा प्रश्न रंगाइतकाच मिठाचाही आहे, आणि माझ्या मते आधी मिठाचा आहे.

३०० लिटर पाण्यात लिटरला ६० ग्रॅम म्हणजे १८ किलो मीठ आणि २० ग्रॅमच्या हिशेबाने ६ किलो सोडा. गडद शेडच्या दिवशी आपण १५ किलो कापड रंगवतो आणि २४ किलो क्षार पाण्यात सोडतो; कापडावर त्यातले काहीच राहत नाही. हे सगळे १८०० लिटर पाण्यात मिसळले तरी विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला १३,००० मिलीग्रॅमच्या वर जाते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये कापड उद्योगासाठी जी मानके अधिसूचित केली, त्यांत ही मर्यादा २१०० आहे. तुरटी, हिराकस, वाळू, कोळसा, वनस्पती, जिवाणू यांपैकी कशानेही मीठ कमी होत नाही. ते कमी करायचे तर रिव्हर्स ऑस्मोसिस (आरओ) किंवा बाष्पीभवन हेच मार्ग उरतात, आणि त्या सल्लागाराची किंमत बहुधा तेथेच वाढली असावी.

मुळाकाठ
माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. या शहराच्या मैलापाण्याचा मोठा भाग आजही प्रक्रियेविना मुळा-मुठेत जातो, हे नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाला नाकाने कळते. जेथे महापालिकेला ते पूर्णपणे जमलेले नाही, तेथे दिवसाला दोन हजार लिटरही न सोडणाऱ्या रंगाऱ्याने व्यवसायाचा खर्च दुप्पट करावा, ही अपेक्षा न्याय्य आहे का? ड्रेनेजच्या वाहिनीत सोडले तर पुढे शुद्धीकरण केंद्र आहेच.

उजनीकर
मुळाकाठ, आपला राग समजतो, पण निष्कर्ष मान्य नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. आमच्या सोलापुरात चादरी आणि टॉवेलांमुळे सूत रंगवण्याचा धंदा जुना आहे, तेव्हा रंगाऱ्याची अडचण आम्हाला परकी नाही. पण वरच्या गावाने ‘माझे थोडेसेच आहे’ असे म्हणायचे आणि खालच्या गावाने ते सगळे थोडेथोडे एकत्र प्यायचे, हे आम्ही रोज अनुभवतो.

निवळी
मुळाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याला तांत्रिक उत्तरही आहे. शहराची मैलाशुद्धीकरण केंद्रे जिवाणूंच्या साहाय्याने सेंद्रिय मळ खाण्यासाठी बांधलेली असतात. विरघळलेला रिॲक्टिव्ह रंग त्यांतून बराचसा तसाच पुढे जातो आणि मीठ तर पूर्णच जाते.

तमिळनाडूतल्या तिरुप्पूरचे उदाहरण आपल्यापुढे आहे. तेथे लहानमोठ्या शेकडो रंगशाळांचे खारे पाणी नोय्यल नदीत जात राहिले, खालच्या ओरथुपालयम धरणाचे पाणी शेतीच्या उपयोगाचे राहिले नाही, शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने रंगशाळा बंद झाल्या. काम बंद झाल्यावर हजारो मजुरांना गाव सोडावे लागले. हा धोका एकेका मालकाचा नसतो. संपूर्ण धंद्याचा असतो.

शेवग्याचे_झाड
रसायनांच्या ऐवजी शेवग्याच्या बियांची पूड वापरावी असे सुचवतो. गढूळ पाणी तिने उत्तम निवळते आणि गाळही विषारी होत नाही.

निवळी
मातीच्या गढूळपणावर शेवगा खरोखर चांगला आहे. परंतु रंगाच्या पाण्यात त्याची मात्रा फार वाढवावी लागते आणि बियांतला उरलेला सेंद्रिय अंश पाण्यात उतरून जिवाणूंचे काम वाढवतो. शिवाय गाळ शेवग्याचा असला तरी त्यात बसलेला रंग तोच असतो, त्यामुळे तो निर्धोक मानता येणार नाही. उसाच्या चिपाडाच्या राखेबद्दलही कोणी विचारील म्हणून आताच लिहितो: रंग शोषण्याची तिची क्षमता मर्यादित असते, काही दिवसांत ती भरते आणि मग रंगीत राखेचा ढीग कोठे टाकायचा हा नवा प्रश्न उभा राहतो. शेवटच्या टप्प्यावर, जवळजवळ नितळ झालेल्या पाण्यासाठी ती ठीक आहे.

पेठकर
आमच्या ओळखीचे एक जण ब्लीचिंग पावडर टाकतात. पाणी पाच मिनिटांत पांढरे होते आणि खर्चही नाममात्र येतो. ती वापरायला काय हरकत आहे?

कर्दळबाग
हरकत अशी की रंग दिसेनासा होणे आणि पाणी स्वच्छ होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्लोरीन रंगाचा रेणू तोडते, पण त्याच वेळी त्याच्या तुकड्यांशी जोडले जाऊन क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे तयार होतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि निसर्गात फार हळू नष्ट होतात.

हाच इशारा जैविक पद्धतींनाही लागू आहे, आणि मी स्वतः वनस्पतींच्या पद्धतीची समर्थक असूनही तो देते. खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस किंवा देवनळ लावून पाणी पृष्ठभागाखालून हळू वाहू दिले, तर धुण्याचे सौम्य पाणी पुष्कळ सुधारते. पण बरेचसे रिॲक्टिव्ह रंग ॲझो जातीचे असतात. प्राणवायू नसलेल्या भागात जिवाणू त्यांचा ॲझो बंध (रंग देणारी नायट्रोजनची जोडणी) तोडतात. रंग जातो आणि मागे रंगहीन ॲरोमॅटिक अमाइन उरतात, त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. हे अमाइन पुढे नष्ट व्हायचे तर प्राणवायू लागतो. म्हणून आधी बंद आणि नंतर हवा खेळती असलेला, असे दोन टप्पे आवश्यक आहेत. केवळ एक खड्डा खणून त्यात कर्दळ लावून चालत नाही. बेन्झिडिन आणि तत्सम घातक अमाइन देणाऱ्या ११२ रंगांच्या हाताळणीवर आपल्याकडे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातच बंदी आली. तेव्हा सुट्या पुड्यांमधले बिननावाचे स्वस्त रंग घेऊ नयेत, ही सर्वांत स्वस्त प्रक्रिया समजावी.

टबातले खारे पाणी मात्र माझ्या वाफ्यात कधीही सोडू नका. एवढ्या मिठात कर्दळ जगणार नाही.

कातळ
नव्या जागेत कोणी शोषखड्डा सुचवला तर कृपया मान्य करू नका. पुण्याच्या आसपास जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे. मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असतो आणि त्याखाली पाणी खडकाच्या भेगा आणि सांध्यांमधून वाहते. वाळूच्या जमिनीत पाणी जसे गाळत गाळत जाते तसे येथे होत नाही. भेग सापडली की ते थेट शेजाऱ्याच्या विहिरीत किंवा विंधनविहिरीत पोहोचते. रंग काही काळ मुरमात अडकेल, मीठ अडकणार नाही. एकदा खारी झालेली विहीर गोडी व्हायला किती पावसाळे लागतील हे सांगणे कठीण असते. जागा घेण्यापूर्वी आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याची क्षारमोजणी करून ठेवा; उद्या वाद झाला तर मूळ स्थिती दाखवता येईल.

निळीचा_हौद
मी नैसर्गिक रंगांत काम करते. ‘नैसर्गिक म्हणजे सांडपाणी निरुपद्रवी’ हा समज ग्राहकांमध्येही आहे आणि दुर्दैवाने काही कारागिरांमध्येही आहे. हिरडा, मंजिष्ठा, डाळिंबाची साल यांच्या काढ्यात सेंद्रिय अंश भरपूर असतो. तो नाल्यात गेला की पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. रंग पक्का करण्यासाठी तुरटी आणि हिराकस ठीक, पण मोरचूद किंवा डायक्रोमेट वापरणारा कारागीर नैसर्गिक रंगाच्या नावाखाली तांबे आणि क्रोमियम सोडत असतो.

निळीचे एक बरे आहे. हौद संपल्यावर तो ढवळून त्याला हवा लागू दिली की नीळ पुन्हा अविद्राव्य होऊन तळाशी बसते आणि ती परत वापरता येते. हायड्रोच्या (निळीला विरघळवणाऱ्या सोडियम हायड्रोसल्फाइटच्या) ऐवजी गूळ आणि चुन्याचा हौद चालवला तर सल्फरची संयुगेही टळतात. येथे मूळ प्रश्न रिॲक्टिव्हचा आहे हे मान्य, पण गडद निळ्या शेडची मागणी बरीच असेल तर रंगशाळा यांनी विचार करावा.

हिशेबी
सगळे जण पाणी बाहेर आल्यानंतरचा विचार करत आहेत. मला त्याच्या आधीच्या एका पायरीकडे लक्ष वेधायचे आहे, कारण माझ्या मते परवडणारे उत्तर तेथे आहे.

रंगाच्या टबातून काढलेले सुती कापड न पिळता आपल्या वजनाच्या अडीच पट पाणी धरून ठेवते असे समजा. १५ किलो कापड म्हणजे साडेसदतीस लिटर खारे पाणी. त्यात लिटरला ८० ग्रॅम क्षार धरले, तर ३ किलो क्षार धुण्याच्या पाण्यात जातात. १५०० लिटरमध्ये वाटले तर लिटरला २००० मिलीग्रॅम. नळाच्या पाण्याचे मूळ क्षार मिळवले की मर्यादा ओलांडलीच. तेच कापड टबातून काढून सरळ स्पिनरमध्ये घातले, तर ते वजनाच्या सत्तर टक्के पाणी धरते, म्हणजे साडेदहा लिटर. क्षार ८४० ग्रॅम उरतात आणि धुण्याच्या पाण्यात लिटरला केवळ ५६० मिलीग्रॅमची भर पडते. स्पिनरमधून निघालेले पाणी पुन्हा टबाच्याच पाण्यात मिळवायचे.

एवढ्याने दोन स्वतंत्र पाणी तयार होतात. एक ३०० लिटरचे, अत्यंत खारे. दुसरे १५०० लिटरचे, रंगीत पण मर्यादेतल्या क्षारांचे, ज्यावर निवळी यांची हिराकस, वाळूची गाळणी आणि कर्दळबाग यांचा वाफा हे सगळे खरोखर चालू शकते. दोन्ही एकत्र केली की १८०० लिटर खारे पाणी होते आणि कोणतीच स्वस्त पद्धत उरत नाही. माझी विनंती एवढीच की नव्या शेडची गटारे बांधताना दोन वेगळ्या नाल्या काढा. नंतर फरशी फोडून ते करणे महाग पडते.

धुण्याचे पाणीही उलट्या क्रमाने वापरता येईल: एका लॉटच्या शेवटच्या धुण्याचे पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला. तेथे १५०० चे हजार लिटर होऊ शकतील. क्षार तेवढेच राहून प्रमाण वाढेल हे खरे, पण ८४० ग्रॅमला हजार लिटरमध्येही जागा आहे.

मुळाकाठ
हिशेबी यांचा हिशेब दोनदा तपासून पाहिला, बरोबर आहे. माझा आक्षेप खर्चाबद्दल होता, आणि स्पिनर ही रंगाऱ्याला तशीही उपयोगी वस्तू आहे. महापालिकेबद्दलचे मत मात्र कायम ठेवतो.

वीजप्रवाह
उरलेल्या ३०० लिटरबद्दल. चुना आणि हिराकस येथे वापरू नका, कारण टबातला सोडा चुन्याला खाऊन त्याचा खडू करतो आणि गाळाचे ढीग लागतात. विद्युत-निवळणीसाठी मात्र हेच पाणी सोयीचे आहे: मिठामुळे त्यातून वीज सहज वाहते आणि कमी दाबावर काम होते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमधून एकदिश प्रवाह सोडला की पट्टीचा धातू विरघळून त्याचा गाळ होतो आणि रंग त्यात अडकतो. पट्ट्या झिजतात, त्यांवर थर बसतो, त्या घासाव्या आणि बदलाव्या लागतात. यातून हायड्रोजन निघतो आणि मिठाच्या पाण्यामुळे थोडा क्लोरीनही, म्हणून हे काम बंद खोलीत करू नये.

रंग गेल्यावर उरते ते मिठाचे पाणी, आणि ते फेकण्याची घाई नको. आम्लाने सोडा मारून सामू ७ च्या जवळ आणला, तर पुढच्या गडद शेडच्या टबात ते मीठ पुन्हा वापरता येते. तिरुप्पूरच्या सामाईक केंद्रांमध्येही खाऱ्या पाण्याचा असा पुनर्वापर होतो. सोडा राहू दिला तर रंग अवेळी चढून कापडावर डाग पडतात. लोखंडी पट्ट्या असतील तर उरलेले लोहही हवा देऊन बसवा, नाहीतर शेड मळकट येते. फिक्या शेडसाठी हे पाणी वापरू नये.

निवळी
वीजप्रवाह यांना अनुमोदन. एक पुरवणी: चुन्याने निवळलेले धुण्याचे पाणी कठीण होते, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार राहतात. ते पुन्हा पहिल्या धुण्याला किंवा फरशीला वापरा, रंगाच्या टबात नको.

उजनीकर
मीठ वारंवार वापरले तरी कधीतरी पाणी टाकावेच लागेल. त्याचे काय?

हिशेबी
उथळ बाष्पीभवन हौद. पुण्याच्या कोरड्या महिन्यांत दर चौरस मीटरमधून दिवसाला ४ ते ५ लिटर पाणी उडते असे धरता येईल. खारे पाणी त्याहून सावकाश उडते. रोजचे ३०० लिटर सुकवायचे तर ६० ते ७५ चौरस मीटरपेक्षाही जास्त जागा लागेल. पण पुनर्वापरामुळे रोज ६० लिटरच टाकायचे असतील, तर पंधरा-वीस चौरस मीटरमध्ये भागेल. हौदाला जाड प्लास्टिकचे अस्तर हवे आणि पावसाळ्यात वरून पारदर्शक छप्पर हवे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत फारसे काही उडणार नाही, म्हणून साठवणीची टाकीही हिशेबात धरा. गच्चीवर करणार असाल तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवा: ५ सेंटिमीटर पाण्याचे वजनही चौरस मीटरला ५० किलो होते.

संमतीपत्र
कायद्याची बाजू थोडक्यात लिहितो. जल कायदा, १९७४ च्या कलम २५ नुसार कारखाना उभारण्यापूर्वी आणि नंतर चालवण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. सांडपाणी निर्माण करणारी रंगाई केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या वर्गीकरणात लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी उद्योगांच्या, गटात ठेवली गेली. कारखान्याचा आकार लहान असल्यामुळे ती त्यातून सुटत नाही. म्हणून मांजरीची जागा विकत घेण्याआधीच तेथे अशी संमती मिळू शकते का, हे लेखी विचारा. शेड बांधून झाल्यावर नकार आला तर सर्व खर्च वाया जाईल.

हिराकशीचा गाळ आणि हौदात उरलेले क्षार घरच्या कचऱ्यात जाऊ शकत नाहीत. सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ३५.३ या क्रमांकाखाली येतो. तो सुकवून, झाकून, नोंद ठेवून साधारणपणे ९० दिवसांच्या आत अधिकृत केंद्राला द्यावा लागतो. आपल्याकडे रांजणगावला तशी सुविधा आहे. लहान कारखान्याला एकट्याने वाहन पाठवणे परवडत नाही. शेजारच्या चार-पाच जणांनी आपापली नोंदणी करून वाहतुकीची वेळ एकत्र ठरवली तर खर्च वाटला जातो.

रंगशाळा
सर्वांचे मनापासून आभार. मी विचारले होते तुरटी आणि वाळूबद्दल. आता माझ्यापुढचे काम असे दिसते की आधी जागेच्या संमतीची लेखी चौकशी, नंतर दोन नाल्यांचा आराखडा, स्पिनर, आणि सध्याच्याच शेडमध्ये निवळी यांनी सांगितलेली बरण्यांची चाचणी. विद्युत-निवळणीचे मात्र धुण्याच्या पाण्याची व्यवस्था बसल्यावर पाहू. तोपर्यंत टबातले पाणी वेगळे साठवू. मीठ मुळातच कमी करण्याचाही प्रयत्न करणार आहे. रंगपुरवठादाराने दोन क्रियाशील गट (धाग्याला धरणारे भाग) असलेले रंग सुचवले होते. ते महाग म्हणून आम्ही टाळले होते. त्यांनी फरक पडेल का? आणि स्पिनर जुना घेतला तर चालेल का?

वीजप्रवाह
फरक पडेल. साध्या रिॲक्टिव्हमध्ये रंगाचा चांगला मोठा हिस्सा पाण्याशीच क्रिया करून वाया जातो आणि नंतर धुण्यात निघत राहतो. दोन गटांच्या रंगांत एक गट वाया गेला तरी दुसरा धाग्याला धरतो, त्यामुळे कापडावर जास्त रंग बसतो आणि धुणी कमी होतात. किलोच्या भावाची तुलना करू नका; एका साडीला रंग, मीठ, पाणी आणि प्रक्रिया मिळून किती खर्च येतो त्याची करा. टबही लहान करून पाहा: १५ किलोला ३०० लिटर म्हणजे एकास वीस. एकास पंधरावर सारखा रंग चढत असेल तर लिटरमागे तेवढेच मीठ घालूनही रोजचे साडेचार किलो वाचेल.

हिशेबी
स्पिनर जुना चालेल, पण आतली जाळी स्टेनलेस स्टीलची आहे का ते चुंबक आणि डोळे दोन्ही वापरून पाहा. लोखंडी जाळीला मिठाचे पाणी लवकर खाते आणि गंजाचे डाग कापडावर येतात. निचऱ्याची नळी खालच्या बाजूस सुटी हवी, म्हणजे पहिल्या पिळणीचे पाणी टबाच्या नालीत आणि नंतरचे धुण्याच्या नालीत वळवता येईल. आपल्या चाचणीचे आकडे येथे अवश्य टाका, धुण्याच्या पाण्याचे आणि टबाच्या पाण्याचे वेगवेगळे.